फाटकापाशी

“चूक आहेच, पण ती इथे चर्चच्या फाटकात बोलायची नसते,” असे मावशी हळूच म्हणाल्या आणि माझे बोलणे तिथेच थांबले.

आजार म्हणजे विश्वासाची उणीव, असे पाळकसाहेबांनी आज उपदेशात सांगितले होते, आणि मावशींचे यजमान तर कर्करोगाने गेलेले. मिटलेल्या पवित्र शास्त्रात मावशींचे बोट योहानाच्या 9व्या अध्यायात, ज्याचे आंधळेपण कोणाच्या पापामुळे नव्हे असे येशूने सांगितले त्या जन्मांधापाशी, तसेच अडकलेले होते. “उद्या पाळकसाहेबांच्या घरी जाऊन हे वाचून दाखवीन,” त्या म्हणाल्या.

पवित्र शास्त्रातल्या प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या दांपत्यानेही अपुल्लोस या उपदेशकाला आपल्याकडे नेऊनच देवाचा मार्ग अधिक नीट समजावला होता. शिकवण पारखलीच पाहिजे. पण माझ्या बोलण्यात दुखावलेल्यांची काळजी किती होती आणि मला जास्त कळते हा आनंद किती?

उद्या मावशींसोबत जावे का?