सर्वपित्रीचा घास

ठाण्यातील एका बालगृहात मुलांना गणित शिकवण्यासाठी मी गेली सहा वर्षे दर रविवारी जातो. तेथे चौदा ते अठरा वर्षांची मुले राहतात. कोणाचे आईवडील वारले आहेत, कोणाला घरातून हाकलले आहे, तर कोणी स्वतःच घर सोडून ठाणे स्थानकाच्या फलाटावर राहत होते. बाल न्याय कायद्यात अशा मुलांची ओळख उघड करण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. म्हणून ज्या मुलाविषयी लिहीत आहे त्याचे नाव येथे देत नाही.

तो आला तेव्हा सोळा वर्षांचा होता. वडील लहानपणीच गेले होते. आई भिवंडीच्या गोदामात काम करत असे. ती आजारी पडल्यावर नातेवाईक तिला गावी घेऊन गेले आणि ती तिथेच वारली. काकांकडे ठेवलेल्या या मुलाला ही बातमी पंधरा दिवसांनी कळली, तोवर दिवसकार्यही उरकले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो काकांकडून निघाला. एका रात्री रेल्वे पोलिसांना तो फलाटावर झोपलेला सापडला, चोवीस तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीपुढे उभे करण्यात आले आणि समितीच्या आदेशाने तो बालगृहात दाखल झाला.

पहिले दोन महिने तो रोज जेवताना दोन पोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून पेटीत ठेवत असे. त्या शिळ्या होत, त्यांना मुंग्या लागत, खोलीतली मुले तक्रार करत. अधीक्षिकाबाईंनी त्याला एका शब्दानेही विचारले नाही. त्यांनी त्याला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणून दिला आणि रोज सकाळी तो घासून परत भरायचा, एवढेच सांगितले. डबा कधी रिकामा राहू लागला, हे कोणाच्या लक्षातही आले नाही. मुलांना सांभाळणे म्हणजे काय, हे मला त्या डब्यामुळे जितके समजले तितके कोणत्याही प्रशिक्षणात समजले नव्हते.

कायद्यानुसार प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक काळजी योजना तयार करावी लागते आणि त्यात शिक्षण, आरोग्य, समुपदेशन असे सगळे रकाने असतात. परंतु सोळाव्या वर्षी आलेल्या मुलाच्या हाती अठरा पूर्ण होईपर्यंत दोनच वर्षे असतात, आणि त्यामुळे आम्ही सगळेच घाईला येतो. दहावी, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, बँकेचे खाते, आयटीआयचा अर्ज. मीही त्याच्यामागे त्रिकोणमिती घेऊन लागलो होतो. वही उघडी ठेवून तो तासभर खिडकीबाहेर पाहत बसे आणि मी त्याला आळशी समजत असे. आपली चूक होत आहे, हे मला भाद्रपदात कळले.

पितृपंधरवड्यात त्याने स्वयंपाकाच्या मावशींना विचारले, “आईची तिथी ठाऊक नसेल तर घास कधी ठेवायचा?” मावशी म्हणाल्या, “सर्वपित्रीला ठेव रे, ज्यांची तिथी ठाऊक नसते त्यांच्यासाठीच ती अमावस्या असते.” त्या दिवशी मावशींनी खीर आणि भाजणीचे वडे केले. केळीच्या पानावर घास घेऊन तो गच्चीवर गेला. कावळा बराच वेळ आला नाही. कठड्याजवळ उभे राहून त्याने हळू आवाजात आईला काही सांगितले. ते आम्ही ऐकले नाही, ते आमच्यासाठी नव्हतेही. अखेर कावळा आला, घास घेऊन गेला, आणि हा मुलगा गच्चीच्या पायरीवर बसून पोट धरून रडला. आई गेल्याला तेव्हा आठ महिने झाले होते. त्या आठ महिन्यांत आम्ही त्याला खाऊ घातले, शिकवले, डॉक्टरांकडे नेले. मात्र शोक करण्यासाठी जागा आणि दिवस दिला नव्हता.

पुढे अनाथ प्रमाणपत्रासाठी आईच्या मृत्यूचा दाखला लागला. महाराष्ट्रात २०१८पासून अनाथांना शिक्षणात आणि शासकीय नोकरीत १ टक्का आरक्षण आहे, त्यासाठी हे प्रमाणपत्र आवश्यक असते. ग्रामपंचायतीतून दाखला आला तेव्हा त्याने आरक्षणाविषयी काहीच विचारले नाही, दाखल्यावरची तारीख दाखवून “या दिवशी तिथी कोणती होती?” एवढेच विचारले. आम्ही गेल्या वर्षीच्या कॅलेंडरात शोधली. पौष वद्य पंचमी.

दहावी उत्तीर्ण झाल्यावर त्याला वागळे इस्टेटच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनला प्रवेश मिळाला. हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि पहिल्याच वर्षात त्याला अठरा पूर्ण झाली. कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे अठरानंतर एकविसाव्या वर्षापर्यंत आणि अपवाद म्हणून तेविसाव्यापर्यंत आधार देण्याची तरतूद आहे. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेत त्यासाठी दरमहा ४,००० रुपयांची मदत धरलेली आहे. ठाण्यात खोलीचे भाडे भरल्यावर त्यातले किती उरते, हे वेगळे सांगायला नको. बालगृहातून आधी बाहेर पडलेल्या दोन मुलांसोबत त्याने कळव्यात खोली घेतली. घरमालकांना जामीन हवा होता. ती सही मी केली. करार अकरा महिन्यांचा आहे, त्याची दुसऱ्या वर्षाची परीक्षा त्याच्या आतच येते, आणि इलेक्ट्रिकलमधले गणित त्याला अजून जड जाते. म्हणून सध्या बालगृहातला तास संपला की मी कळव्याची रिक्षा पकडतो.