नल आला म्हणजे यादी संपलीच का?

लातूरच्या मोंढ्यात माझ्या मामांची आडत आहे. रोजच्या हिशोबपट्ट्या स्कॅन करून ते एका जुन्या हार्ड डिस्कवर ठेवतात. रात्री त्या फोल्डरची यादी काढणारा सी भाषेतला छोटा प्रोग्राम मीच लिहून दिलाय. सोयाबीनच्या ऐन हंगामात त्यांचा फोन आला, "आरं, यादीत पट्ट्या कमी कशा काय दिसायल्यात?"

प्रोग्राम मात्र कुठं अडला नव्हता. अर्धीच यादी छापून शांतपणे थांबला होता.

चूक माझी. रीडडिर हे सीमधलं फंक्शन फोल्डरमधली एकेक नोंद देतं आणि नोंदी संपल्या की नल, म्हणजे 'काहीच नाही' असं उत्तर देतं. पण मध्येच डिस्क वाचता आली नाही, तरीही नलच देतं! फरक कळतो तो एररनोवरून, म्हणजे चुकीचा क्रमांक जिथं नोंदवला जातो त्या चलावरून. यादी नीट संपली असेल तर रीडडिर एररनोला हात लावत नाही. म्हणून दर खेपेला हाक मारण्याआधी एररनो शून्य करायचा आणि नल आला की तो तपासायचा. मी नल दिसताच लूप सोडून देत होतो.

चाचण्या होत्या की माझ्याकडं. रिकामं फोल्डर (त्यातही एक टिंब आणि दोन टिंबं या दोन नोंदी येतात), नसलेलं फोल्डर, देवनागरी नावं. नावाला लिनक्सवर साधारण २५५ बाइटची मर्यादा असते आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत आपलं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट खातं. नुसत्या 'सोयाबीन'लाच (काना-मात्रा-वेलांट्या धरून सात चिन्हं) २१ लागतात. म्हणून ८५ चिन्हांचं नावही घालून पाहिलं होतं. वाचता वाचता डिस्क बिघडली तर काय, एवढंच राहिलं होतं. चांगली डिस्क सांगून थोडीच बिघडते?

शेवटी लिंकरचा, म्हणजे प्रोग्रामचे तुकडे जोडणाऱ्या साधनाचा, रॅप हा पर्याय वापरला. प्रोग्रामनं रीडडिरला हाक मारली की आधी माझं फंक्शन धावतं. ते दोन नोंदी खऱ्या रीडडिरकडून आणून देतं आणि तिसऱ्या खेपेला एररनोत ईआयओ (वाचण्या-लिहिण्यातल्या बिघाडाचा क्रमांक) टाकून नल परत करतं. चाचणी पहिल्याच फटक्यात नापास झाली, आणि मला खरंच बरं वाटलं. मोंढ्यातला तो बिघाड आता माझ्या टेबलावर हवा तेव्हा घडवता येत होता.

दुरुस्तीनंतर प्रोग्राम अर्धी यादी छापतो, पण खाली 'यादी अपुरी, डिस्क तपासा' असंही लिहितो. दुसऱ्याच रात्री ती ओळ उमटली. मामांनी सकाळी सौदा सुरू व्हायच्या आत नवी डिस्क आणली.