भांडी धुवायला पाणी लागतं, त्याचं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. भांडी न्यायला येणाऱ्यांपैकी निम्मेजण तरी दारात उभे राहून हेच विचारतात. "कचरा वाचतो हे पटलं, पण एवढी भांडी घासायला पाणी किती जात असेल? मग उपयोग काय झाला?"

ज्यांना आमची भांडी माहीत नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. सांगलीत गावभागातल्या आमच्या गल्लीत चौदाजणींची भिशी आहे. त्या भिशीतून घेतलेली दोनशे माणसांची स्टीलची भांडी माझ्या जिन्याखाली असतात. माणशी एक ताट, दोन वाट्या आणि एक पेला, म्हणजे आठशे नग. शिवाय चहाचे शंभर कप. बारसं असो, वास्तुशांत असो की तेरावा असो, ओळखीचं कोणीही यावं आणि घेऊन जावं. भाडं नाही. घासणाऱ्या बायकांची मजुरी द्यायची आणि वाटी हरवली तर वाटीच आणून द्यायची, पैसे नाही.

पाण्याचा प्रश्न मला सगळ्यांत आधी विचारला तो माझ्या नणंदेच्या जावेनं. ती जत तालुक्यातली. "वैनी, तुमच्याकडं कृष्णामाई हाय. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर आला तर पाणी. आमी भांडी कशानं धुवायची?" तिला लगेच काही उत्तर देणं मला जमलं नाही. पाणी नसणं म्हणजे काय हे आपल्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती आपल्या मिरजेहूनच. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, एकेकीत सुमारे पन्नास हजार लिटर. ज्या जिल्ह्यातून अशी गाडी जाते, त्याच जिल्ह्यातला जत आणि आटपाडीचा भाग पाण्यासाठी वाट बघत असतो. तेव्हा "धुवायला पाणी लागायचंच" असं म्हणून तिला गप्प करणं मला शोभलं नसतं.

म्हणून मी मोजलं. आणि पहिल्याच वेळी प्रश्न विचारणारेच बरोबर निघाले.

पहिल्या कार्यक्रमाला दोघी बायका नळाखाली बसून घासत होत्या आणि नळ चालूच होता. घासून होईतो गच्चीवरची हजार लिटरची टाकी खडखडली. दोनशे माणसांच्या जेवणाला हजार लिटर. त्या रात्री मला झोप लागली नाही. कचऱ्याची पोती वाचवली म्हणून मनात जो आनंद होता, तो टाकीत वाकून बघितल्यावर गेला.

मग घासण्याची पद्धत बदलली. ती आमची कल्पना नव्हे, माझ्या आजीच्या घरी विहिरीचं पाणी शेंदावं लागायचं तेव्हा असंच घासत. आता जेवून उठणाऱ्यानं आपलं खरकटं स्वतः पातेल्यात काढून ठेवायचं, मग तो यजमानाचा जावई असला तरी. गव्हाच्या खिरीची वाटी बोटानं पुसून काढली की अर्धं काम तिथंच होतं. आमटीच्या कटाचा तेलकट थर कोरड्या राखेनं आणि काथ्यानं ओढून घ्यायचा, पाण्याचा थेंबही न लावता. हे सगळ्यांत महत्त्वाचं, आणि हेच लोकांना सगळ्यांत जास्त विसरायला होतं. नंतर तीन मोठी टोपं ओळीनं मांडायची. पहिल्यात भिजवायचं, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. पहिल्यातलं पाणी गढूळ झालं की ते ओतून द्यायचं, तिसऱ्यातलं पहिल्यात घ्यायचं आणि तिसरं तेवढं नव्यानं भरायचं. शेवटी ताटं कडक उन्हात खाटेवर उभी करायची, फडक्यानं पुसायची नाहीत. आणि घासायच्या आधी ताटाला चिकटलेला भात वाळू द्यायचा नाही, एकदा वाळला की तिप्पट पाणी खातो.

अशा रीतीनं दोनशे माणसांची भांडी साडेतीनशे लिटरच्या आसपास निघतात. माणशी दोन लिटरसुद्धा नाही. हे आमच्या टोपांचं माप आहे. जेवणात जिलबी असली की वाढतं, नुसता मसालेभात आणि मठ्ठा असला की कमी होतं.

आता दुसरी बाजू. भांडी घ्यायच्या आधी आमच्याच गल्लीत एका बारशाला पावणेदोनशे पानं झाली. संध्याकाळी कोपऱ्यावर पाच पोती उभी होती. चंदेरी पत्रावळ्या, द्रोण, चहाचे कागदी कप, आणि दोन घोट पिऊन सोडून दिलेल्या पाण्याच्या छोट्या बाटल्या. तीही पाण्याचीच नासाडी, पण तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. रात्री कोणीतरी ती पोती पेटवली. त्या धुराचा वास सकाळपर्यंत घरात होता, आणि बारशाचं बाळ शेजारच्याच खोलीत होतं.

थर्माकोल गेला म्हणून आता कागद आला, कागद चांगला, असं खूप जणांना मनापासून वाटतं. थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर आपल्या राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे देशभर बंद झाले. ते चांगलंच झालं. पण कागदात आमटी थांबते ती आतल्या प्लॅस्टिकच्या पातळ थरामुळे. चहाच्या कपाचंही तेच. खरगपूरच्या आयआयटीनं २०२० मध्ये तपासलं, तेव्हा अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटं ठेवल्यावर त्यात प्लॅस्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण उतरलेले आढळले. आणि कागदाला प्लॅस्टिक चिकटलेलं, त्यात खरकटं, असला माल भंगारवाला उचलत नाही. त्यामुळे तो जळतो किंवा गटारात जातो.

गटारात गेलेलं कुठं जातं हे गावभागाला सांगायला नको. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. त्या दिवसांत आम्हाला जे जेवण आणि पाणी मिळालं ते पाकिटांतून आणि बाटल्यांतूनच मिळालं, आणि त्या देणाऱ्यांचे उपकार मी विसरणार नाही. तशा वेळी दुसरं काही शक्यच नव्हतं. पण पाणी ओसरल्यावर घरातला गाळ घमेल्यानं काढताना गाळाबरोबर जे निघत होतं, त्यातलं निम्मं आमचं नव्हतं. कोणाच्या तरी लग्नातले पेले, कुठल्या तरी गावचे द्रोण. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. त्या दिवाळीनंतर भिशीतल्या एकीनं विषय काढला आणि पुढच्या आठवड्यात आम्ही किलोवर स्टील घेऊन आलो. प्रत्येक ताटामागे गल्लीचं नाव घालून घेतलं, पूर्वी लग्नातल्या भांड्यांवर नावं घालत तसं.

काहीजणी म्हणतात, "आम्हीही घरी पन्नास ताटं घेऊन ठेवतो." मी त्यांना नको म्हणते. स्टील बनवायलाही कोळसा आणि वीज लागतेच. ब्रिटनच्या पर्यावरण खात्यानं २०११ मध्ये पिशव्यांचा हिशेब मांडला होता. प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीपेक्षा हवामानाला कमी बाधणारी ठरायची, तर कापडी पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. ताटांचा असा आकडा माझ्याकडे नाही, पण रीत तीच. माळ्यावर धूळ खात पडलेली पन्नास ताटं कोणाचंच भलं करत नाहीत. आमची दोनशे ताटं महिन्यातून तीन-चारदा बाहेर जातात. पूर्वी देवळात गावजेवणाची भांडी असायची, ती सगळ्या गावाची असायची. तो शहाणपणा आपण मंडपवाल्याच्या पाकिटावर का सोडून दिला, मला कळत नाही.

पाण्याच्या बाटल्यांवरचा उपाय तर आपल्या डोळ्यांसमोरच आहे. पाण्याचा २० लिटरचा जार येतो, रिकामा होतो, परत जातो, पुन्हा भरून येतो. एका जारात २०० मिलिलिटरच्या शंभर बाटल्यांचं पाणी. जार आणि पेले ठेवले की बाटलीची आठवणही कोणाला येत नाही. भांड्यांचा साबणही आम्ही असाच घेतो. फिनेलवाला मोठ्या कॅनमधून आमच्याच डब्यात ओतून देतो.

एक गोष्ट मात्र पाण्याइतकीच विचारायला हवी, आणि ती फार थोडे विचारतात. घासणार कोण? भांडी आली म्हणून घरच्या सुनेच्या पाठीवर आठशे नग पडणार असतील, तर मला ती भांडी द्यायची नाहीत. म्हणून मजुरीची अट आहे आणि ती आम्ही सोडत नाही. दोघी ठरलेल्या आहेत, त्यांना बसायला पाट आणि घासून झाल्यावर पंगतीतलंच जेवण द्यायचं. एका घरानं मजुरी वाचवायला परस्पर घरच्या बायकांकडून घासून घेतली, त्यांना आम्ही पुन्हा भांडी दिली नाहीत.

जतच्या तिला मी शेवटी सांगितलं ते असं. वैशाखात विहीर आटली असेल तर ताटं नेऊ नकोस. पळसाच्या पानांची, चोयांनी टाचलेली पत्रावळ घे. खरकट्यासकट ती खड्ड्यात कुजते. फक्त घेताना उलटी करून बघ, हल्ली पानाखाली प्लॅस्टिकचा कागद लावलेली पत्रावळही मिळते, ती नको.

तिच्या मुलाचं जावळ वैशाखातच झालं. तिनं पत्रावळी जमवल्या आणि माझ्याकडून पेले तेवढे नेले, कारण पेले नुसते विसळूनही चालतात. टँकरचं पाणी तिनं मोठ्या पिंपात भरून ठेवलं आणि विसळलेलं सगळं दारच्या शेवग्याला घातलं. पेले परत आले तेव्हा तीन कमी होते. ताटं दिवाळीनंतर नेते म्हणाली, विहिरीला पाणी असतं तेव्हा. येताना तीन पेले घेऊन येणार आहे.