छतावर सोलर बसल्यावर विजेचा अंदाज बांधताना मला आलेला अनुभव

भोसरी एमआयडीसीत एका मशीनिंगच्या कारखान्यात मी मेंटेनन्स बघतो. छतावर ३०० किलोवॅटचं सोलर बसलं, सहा महिने झाले आणि साहेब म्हणाले, पुढच्या महिन्याला किती युनिट लागतील ते आधी सांगत जा, कॉन्ट्रॅक्ट डिमांड (एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढू, ही वीज कंपनीशी ठरलेली मर्यादा) कमी करता येते का तेही बघ. मी मेन मीटरचा १५-१५ मिनिटांचा डेटा काढला, एक्सेलमध्ये ट्रेंड लावला आणि आकडा देऊन मोकळा झालो. जुलैचा अंदाज पार चुकला.

दोन दिवस डोकं खाजवल्यावर गुरुवारचा ग्राफ उघडला. गुरुवारी आमच्याकडे वीकली ऑफ, शेड बंद, आणि दुपारी बाराला मीटर चक्क एक्स्पोर्ट, म्हणजे ग्रिडकडे उलटी जाणारी वीज, दाखवतोय! तेव्हा लक्षात आलं की कारखाना किती वीज खातो हे मेन मीटर सांगतच नाही, सोलर वजा जाऊन उरलं ते सांगतो, म्हणजे मी ऊन आणि मशीन दोन्ही एकाच आकड्यात कालवत होतो.

मग खरा लोड काढला, म्हणजे ग्रिडची वीज अधिक सोलरची वीज वजा एक्स्पोर्ट. तरी ढग आला की ग्राफवर आधी उंचवटा, लगेच खड्डा, लोड तर तेवढाच. शेवटी सोलरचे आकडे नोंदवणाऱ्या इन्व्हर्टरचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे निघालं, सोलरचा कॉलम एक ओळ वर सरकवला आणि रेघ सरळ झाली, इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आता लोड शिफ्ट प्लॅनवरून काढतो आणि सोलर वेगळं. स्वच्छ दिवशी किलोवॅटमागे साधारण ४ युनिट धरतो, पण पॅनल तापलं की डिग्रीला अंदाजे ०.४ टक्के घटतं, त्यामुळे मे महिन्यात कडक उन्हाला भुलायचं नाही. पावसाळ्यात एक आकडा देतच नाही, किमान आणि कमाल देतो.

डिमांडचं मात्र वेगळंच. युनिट उतरले, पण एका काळोख्या दुपारी दोन्ही भट्ट्या आणि कॉम्प्रेसर एकदम चालू होते आणि महिन्याची कमाल डिमांड (एका वेळी ग्रिडमधून ओढलेली सर्वांत जास्त वीज) जुन्याच जागी जाऊन बसली. शिवाय सोलर किलोवॅट देतं, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारी वीज; मोटरांना चुंबकत्वासाठी लागणारी रिअॅक्टिव्ह वीज ग्रिडमधूनच येते, म्हणून मीटरवर पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेत कामाच्या विजेचं प्रमाण) घसरला आणि केव्हीएएचवर (कामाची आणि रिअॅक्टिव्ह दोन्ही धरून मोजलेल्या विजेवर) बिल असल्यामुळे तेही अंगावर आलं, रिअॅक्टिव्ह वीज जागेवरच पुरवणारं कॅपॅसिटर पॅनल परत सेट करावं लागलं. साहेबांना स्पष्ट सांगितलं, कॉन्ट्रॅक्ट डिमांडला हात लावू नका, आधी भट्ट्या एकापाठोपाठ चालू करायचं वेळापत्रक लावू. ऑगस्टपासून ते लागलंय, दुसरी भट्टी आता अर्ध्या तासाने लावतात.