हॉटनची पाणचक्की: दळण चालू असेल त्याच दिवशी जा

केंब्रिजहून गायडेड बसने, म्हणजे खास बांधलेल्या मार्गावरून धावणाऱ्या बसने, सेंट आयव्हजला उतरलो आणि ‘थिकेट’ नावाच्या झाडीतल्या पक्क्या वाटेने हॉटनकडे चालू लागलो. पाऊण तास लागला. गाडी चक्कीजवळ लावता येते, पण पाय धड असतील तर चालतच जा. ग्रेट ऊझ नदीकाठच्या या सपाट मुलखात ती उंच, फळ्या ठोकलेली इमारत अचानक समोर येते आणि मन भरून येतं.

या जागी 974 सालीही चक्की होती आणि ती रॅम्सेच्या मठाकडे होती. आजची इमारत 17 व्या शतकातली, पुढे वाढवलेली. एकोणिसाव्या शतकात पॉटो ब्राउन हा धर्मनिष्ठ गिरणीमालक इथे दळायचा. गावच्या चौकात त्याचा अर्धपुतळा आहे, तो बघून या. मग बंदरांजवळ लोखंडी रोलरच्या गिरण्या आल्या, परदेशी गहू तिथेच दळला जाऊ लागला आणि नदीकाठच्या चक्क्या एकेक करून थांबल्या. ही 1930 च्या सुमारास थांबली. गावकऱ्यांनी धडपड केली नसती तर आज काहीच उरलं नसतं. 1939 मध्ये ती जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेली, नंतर बरीच वर्षं तिथे यूथ हॉस्टेल होतं. 1999 पासून चाक पुन्हा फिरतंय.

आम्ही पोचलो तेव्हा दळण चालू होतं. पायाखालची फळी थरथरत होती. आजीच्या जात्यात वैरण मुठीने पडायची, इथे ती आपोआप पडते: वरच्या दगडाबरोबर फिरणारा दांडा धान्याच्या पन्हळीला सारखे धक्के देतो. पाणी जोरात आलं की दगड वेगाने फिरतो, धक्के वाढतात, धान्यही जास्त पडतं. धान्य कमी-जास्त करायला कोणी लागत नाही! दांड्याच्या न थांबणाऱ्या बडबडीमुळे त्याला ‘डॅम्झेल’, म्हणजे तरुणी, म्हणतात. जात्याला टाकी लावतात, म्हणजे छिन्नीने खाचा पाडतात, तशी इथल्या दगडांनाही लावावी लागते. खाली उतरलेल्या पिठात बोटं घातली, ते कोमट होतं.

निघण्याआधी वेबसाइटवर दळणाचे दिवस बघाच, नुसती इमारत बघण्यात निम्मीही मजा नाही. भरपूर पाऊस झाला की चाक जोरात फिरेल असं वाटतं, पण होतं उलटं. पुरात चाकाच्या खालच्या अंगाचं, पाणी वाहून जातं तिथलं पाणीही चढतं, उतारच उरत नाही आणि चाक थांबतं. हिवाळ्यात कुरणंही पाण्याखाली जातात, तेव्हा गमबूट हवेतच. आतले जिने उभे आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी तळमजल्यावरूनच बघावं.

पीठ मात्र घ्याच. कणीक मळून अर्धा तास झाकून ठेवली तर पोळ्या छान होतात. कोंड्यासकट, अंकुरासकट दळलेलं असल्याने पीठ लवकर खवट होतं. फ्रिजमध्ये ठेवा आणि लहान पिशवीच आणा.