‘आईकडे किती वर्षं आहेत?’ : तुम्ही विचारलंत म्हणून

मी स्पीच थेरपिस्ट आहे. एएलएस, म्हणजे स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मरत जाण्याचा आजार. तो झालेल्या माणसांचं बोलणं आणि गिळणं, एवढाच माझा भाग. तरी आयुष्याचा प्रश्न माझ्याकडे येतो, कारण न्यूरॉलॉजिस्टकडे थोडी मिनिटं मिळतात आणि माझ्याकडे निवांत बसता येतं. शिवाय डॉक्टरांनी आकडा सांगितला की तो निकाल वाटतो. मी सांगितला तर किमान वाद घालता येतो. विचारणारे बहुतेक वेळा मुलगा, मुलगी किंवा सून. आई सत्तरीची, बाबा पंचाहत्तरीचे. ‘किती वर्षं आहेत, आणि तोवर काय काय होणार?’

आकडा आधीच सांगते, कारण तो टाळला की पुढचं कुणाला ऐकूच येत नाही. पहिल्या लक्षणापासून मोजलं तर एएलएसमध्ये बहुतेकांना दोन ते पाच वर्षं मिळतात, मधला आकडा तीनच्या आसपास. दहा वर्षं ओलांडणारे शंभरात पाच-दहा. सत्तरीनंतर सुरू झालेला आजार सहसा जास्त वेगाने जातो. तिथे दोन वर्षांच्या आसपास धरून चालावं लागतं, कधी त्याहून कमी.

आता यातलं ‘पहिल्या लक्षणापासून’ नीट ऐका. बहुतेकांना वाटतं, निदानाच्या दिवशी घड्याळ सुरू झालं. तसं नाही. लक्षण सुरू होऊन निदान हातात पडायला सरासरी वर्षभर जातं. म्हणजे ज्या दिवशी डॉक्टर नाव उच्चारतात, त्या दिवशी या तीनातलं एक बहुधा संपलेलं असतं. आणि ते म्हाताऱ्या माणसांचं जास्त सहज संपतं, कारण प्रत्येक लक्षणाला वयाचं कारण तयार असतं. हातातून वस्तू निसटते? सांधे. पाऊल घासतं? गुडघे, मणका. बोलणं जड झालं? कवळी नीट बसली नाही, किंवा लहानसा स्ट्रोक येऊन गेला असेल. वजन उतरलं? या वयात उतरतंच. त्यात साठीनंतर मानेचा एमआरआय काढला की कुणाच्याही मानेत काहीतरी झीज सापडतेच, आणि एकदा ती सापडली की पुढचा शोध थांबतो. मानेचं ऑपरेशन होऊन मग एएलएस कळलेले पेशंट सगळीकडे भेटतात.

एएलएसमध्ये मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंत आणि तिथून स्नायूंपर्यंत हुकूम नेणाऱ्या पेशी एकेक करून मरतात. हुकूम पोचला नाही की स्नायू वाळतो. म्हणून या आजाराची खूण अशी की ताकद जाते पण बधिरपणा येत नाही. मुंग्या आणि बधिरपणा मुख्य तक्रार असेल तर दुसरं काही आहे का ते आधी बघतात. आणि मानेच्या झिजेने जीभ वाळत नाही. जीभ बारीक होऊन तिच्यावर सतत फडफड दिसत असेल तर मणक्याच्या डॉक्टरांकडे चकरा मारण्यात अर्थ नाही, न्यूरॉलॉजिस्ट गाठावा. उलट बाजूही सांगायला हवी: एएलएससारखे दिसणारे काही आजार उपचारांना दाद देतात. मायस्थेनिया त्यातला एक, मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथी दुसरा. त्यामुळे ईएमजी (सुई टोचून स्नायूंची विद्युत तपासणी) आणि बाकीच्या तपासण्यांना ‘या वयात सुया कशाला टोचायच्या’ म्हणून नकार देऊ नका. याच वयात त्या हव्यात.

वय जास्त असलं की आजार वेगाने का जातो? एक कारण माझ्याच खात्यातलं. एएलएस हातापायांत सुरू होतो किंवा जीभ-घशात. घशात सुरू होणारे एकूण पेशंटांत पाव ते तिसरा हिस्सा, पण उतारवयात, विशेषतः बायकांमध्ये, हे प्रमाण वाढतं. आणि घशात सुरू झालेला आजार खाण्याला आणि श्वासाला लवकर हात घालतो. दुसरं, वयाने मोटर न्यूरॉन (हुकूम नेणाऱ्या त्याच पेशी) आणि फुप्फुसांची ताकद आधीच कमी झालेली असते, म्हणजे शिल्लक कमी. तिसरं, सोबतीला हृदय, साखर, जुना खोकला असतोच.

पण वय हा एकटाच न्यायाधीश नाही. लोक मला स्टीफन हॉकिंगचं उदाहरण देतात, आणि मी ते ऐकून घेते. १९६३ मध्ये एकविसाव्या वर्षी निदान, मृत्यू २०१८ मध्ये. असा प्रवास फार विरळा. मग मी लू गेरिगचं उदाहरण देते, ज्याच्या नावाने अमेरिकेत हा आजार ओळखतात. बेसबॉलपटू, छत्तीसाव्या वर्षी १९३९ मध्ये निदान, १९४१ मध्ये गेला. दोघेही तरुण. निदानानंतर एकाला पंचावन्न वर्षं मिळाली, दुसऱ्याला दोनही नाहीत.

म्हणून सरासरीपेक्षा मला तुमच्या माणसाचा स्वतःचा वेग जास्त सांगतो. एएलएसच्या क्लिनिकमध्ये एक प्रश्नावली भरून घेतात, एएलएसएफआरएस-आर तिचं नाव. बोलणं, लाळ, गिळणं, अक्षर, कपडे घालणं, कूस बदलणं, चालणं, जिना, श्वास असे बारा प्रश्न, प्रत्येकाला चार गुण, एकूण अठ्ठेचाळीस. सरासरी पेशंट महिन्याला साधारण एक गुण गमावतो. आता गणित करा. आज गुण ४० आहेत आणि पहिलं लक्षण आठ महिन्यांपूर्वीचं, तर वेग सरासरीचा. तेच ४० गुण दोन वर्षांनी असतील तर आजार संथ आहे, मग वय अठ्ठ्याहत्तर असलं तरी. चार महिन्यांत तिथे पोचले असतील तर सगळे निर्णय पुढच्या भेटीवर न ढकलता याच भेटीत घ्या. वेग पुढेही बराचसा तसाच राहतो, तंतोतंत नाही. मध्ये काही महिने गुण जागचे हलत नाहीत, असंही होतं. त्या काळात कुणीतरी नवा काढा किंवा नवी गोळी सुरू केलेली असते आणि श्रेय तिला मिळतं.

पुढे काय होतं याचा नकाशा ढोबळ आहे. आजार जिथे सुरू होतो तिथून शेजारच्या भागात पसरतो: एका हातातून दुसऱ्या हातात, मग पाय, किंवा जिभेतून घशात, मग मान आणि हात. श्वासाचे स्नायू कधीतरी गाठले जातात, आणि बहुतेकांचा शेवट तिथेच होतो. डोळ्यांची हालचाल बहुतेकांत शेवटपर्यंत राहते, ऐकू येतं, स्पर्श कळतो, लघवी-शौचावरचा ताबाही बराच काळ टिकतो. बुद्धीचं मात्र ‘डोकं अगदी शाबूत असतं’ असं सरसकट सांगतात ते खरं नाही. जवळजवळ निम्म्यांत विचारात किंवा वागण्यात काही फरक पडतो, आणि शंभरातल्या दहा-पंधरांना फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे वागणं आणि भाषा बिघडवणारा डिमेन्शिया, होतो. म्हाताऱ्या माणसांत याला हट्टीपणा म्हणतात. पूर्वी सगळ्यांची चौकशी करणारा माणूस कुणाचंच काही विचारत नसेल, एकाच गोष्टीचा धोशा लावत असेल, तर डॉक्टरांना सांगा. तो मुद्दाम करत नाहीये. अचानक येणारं रडणं किंवा हसणं ही आणखी वेगळी गोष्ट. मनात दुःख नसतानाही रडू फुटतं, कारण भावनेचा लगाम सैल झालेला असतो. त्यावर औषध आहे, आणि नसतं तरी घरच्यांनी प्रत्येक वेळी ‘काय झालं?’ विचारायची गरज नसते.

आता माझं काम. गिळण्याची अडचण आधी पाण्यात दिसते, घट्ट पदार्थात नाही. पातळ पदार्थ वेगाने घसरतो आणि श्वासनलिका बंद करायला घशाला वेळ मिळत नाही. जेवताना ठसका, जेवणानंतर घोगरा ओला आवाज, ताटावर वाढत जाणारा वेळ, या तीन गोष्टी मी विचारतेच. वेळ सगळ्यात बोलका. जेवण पाऊण तासावर गेलं की माणूस पोट भरल्यामुळे थांबत नाही, दमल्यामुळे थांबतो. वजन या आजारात फार महत्त्वाचं. जे लवकर रोडावतात ते लवकर जातात. म्हणून साखर आणि कोलेस्टेरॉलपायी वर्षानुवर्षं पाळलेलं पथ्य इथे डॉक्टरांना विचारून सैल करावं लागतं. ‘आता तूप खा’ म्हटल्यावर आजोबांच्या चेहऱ्यावर येतो तो आनंद हा माझ्या नोकरीतला छोटा फायदा.

मग पोटातून घालायची नळी, पेग. ‘या वयात नळी कशाला, हाल करायचे का?’ हे मी फार ऐकते, आणि प्रश्न वाजवी आहे. नळीने आयुष्य नक्की वाढतं असा भक्कम पुरावा नाही. लाळेचा ठसका तिने थांबत नाही. तिने होतं ते असं की औषधं, पाणी आणि पोषण यांची रोजची लढाई संपते, आणि तोंडाने आवडीपुरतं खाता येतं. पण ती घालायची तर फुप्फुसांची क्षमता निम्म्याच्या खाली जाण्याआधी घातलेली बरी. नंतर तीच लहानशी प्रक्रिया धोक्याची होते. म्हणजे ज्या दिवशी माणूस म्हणतो ‘अजून खाता येतंय की मला’, त्या दिवशी तो निर्णय घ्यायचा असतो. नको म्हणणं हाही निर्णय, फक्त तो विचार करून झालेला असावा. आवाजाचंही तसंच. बोलणं स्पष्ट आहे तोवर ते रेकॉर्ड करून ठेवलं तर पुढे यंत्र त्याच आवाजात बोलू शकतं. वृद्धांना टॅब्लेट नको असतो, त्यांचा हात त्यावर नीट चालतही नाही. त्यांच्यासाठी पारदर्शक पाटीवरची मोठी अक्षरं आणि त्यांची नजर पुरते. हे बोलता येत असतानाच शिकून घ्यावं.

श्वासाची सुरुवात धाप लागण्याने होईल असं लोकांना वाटतं. ज्यांची हालचालच कमी झाली आहे त्यांना धाप लागणार कशाने? पहिल्या खुणा रात्रीच्या असतात: सपाट झोपवत नाही, झोप सारखी मोडते, सकाळी डोकं दुखतं, दिवसभर पेंग येते. इथे बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला टेकू देणारं यंत्र, खरंच उपयोगी पडतं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत, घसा बऱ्यापैकी शाबूत असलेल्या पेशंटांचं मध्यक (म्हणजे मधल्या पेशंटचं) आयुष्य त्याने २०५ दिवसांनी वाढलं. घसा फार बिघडलेल्यांचं आयुष्य वाढलं नाही, पण काही लक्षणं सुसह्य झाली. वृद्धांमध्ये या दुसऱ्या गटाचं प्रमाण जास्त, त्यामुळे तुम्हाला कुणी ‘मास्क लावला की वर्ष वाढतं’ सांगितलं तर तुमचं माणूस कोणत्या गटात आहे ते विचारा. आणि नुसत्या ऑक्सिजनचं यंत्र परस्पर भाड्याने आणू नका. इथे मूळ अडचण कार्बन डायऑक्साइड बाहेर न पडण्याची असते, आणि नुसत्या ऑक्सिजनने ती वाढू शकते. गळ्याला छेद देऊन व्हेंटिलेटर लावणं याने आयुष्य वाढतं, पण आजार थांबत नाही आणि चोवीस तास माणूस लागतं. हवं की नको ते पेशंटने आधी सांगितलेलं नसलं तर ते अतिदक्षता विभागात मध्यरात्री ठरतं, आणि तिथे कुणीच नीट ठरवत नाही.

औषधांचं थोडक्यात. रिलुझोल १९९५ पासून आहे. चाचण्यांत त्याने दोन-तीन महिने वाढले, यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. टोफरसेनला अमेरिकेत २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, पण ते फक्त एसओडी-१ या जनुकात दोष असलेल्यांसाठी, म्हणजे शंभरात दोघांच्या आसपास. रेलिव्हरिओ २०२२ मध्ये तिथेच मंजूर झालं, मोठ्या चाचणीत अपयशी ठरलं आणि २०२४ मध्ये कंपनीने मागे घेतलं. नवं औषध ऐकलं की आधी हे आठवा. ‘आम्हा मुलांना होईल का?’ याचं उत्तर: नव्वदहून अधिक टक्के पेशंटांच्या घराण्यात दुसरं कुणी नसतं. तरी जनुकतपासणीबद्दल डॉक्टरांना विचारायला हरकत नाही, कारण घराण्यात कुणी नसतानाही कधी कधी दोष सापडतो. औषधांइतकाच फरक एका छताखालच्या टीमने पडतो. आयर्लंडमध्ये न्यूरॉलॉजी, श्वास, आहार, फिजिओ, वाचा असं सगळं एकत्र मिळणाऱ्या क्लिनिकमधले पेशंट साध्या क्लिनिकमधल्यांपेक्षा मध्यक साडेसात महिने जास्त जगले.

राहिला तो प्रश्न, जो सगळ्यात हळू आवाजात येतो: गुदमरून जाणार का? बहुतेक जण नाही. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, माणूस जास्त जास्त झोपतो आणि बरेचदा झोपेतच जातो. श्वासाची तडफड वाटली तर मॉर्फिनचे छोटे डोस आणि घाबरेपणावरची औषधं ती शमवतात. योग्य मात्रेत दिलेलं मॉर्फिन मृत्यू लवकर आणत नाही, ही भीती मनातून काढून टाका. अडचण औषधाची नसते, ते वेळेवर हाताशी असण्याची असते. त्यासाठी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेच्या, लोकांना निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत भेटा, पेशंटला स्वतःला बोलता येतंय तोवर, आणि रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा ते त्यांच्याकडून लिहून घ्या.