कुसळाचा पीळ

पाऊस सरला की आमच्या सोलापूरच्या माळावर फुलं फार दिवस टिकत नाहीत. विष्णुक्रांताचं निळं फूल तर सकाळी उमलतं आणि दुपारी मिटूनही जातं. आधी मी फोटोसाठी त्यांच्याच मागे असायचे. आता वाट बघते ती नोव्हेंबरची, सगळं वाळायला लागतं तेव्हाची.

हिप्परगा तलावाजवळच्या मुरमाड माळावर सातच्या आत पोचते. नंतर वारा सुटतो, आणि वाऱ्यात इतक्या जवळून फोटो निघत नाही. बारीक वस्तू जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स माझ्याकडे नाही. जुनी ५० मिलिमीटरची लेन्स रिव्हर्स रिंग नावाच्या जोडकडीनं कॅमेऱ्यावर उलटी बसवते. तिच्यावर अ‍ॅपर्चरची, म्हणजे उजेडाचं छिद्र हातानं लहानमोठं करायची कडी आहे, म्हणून भागतं. छिद्र बारीक करून एफ ८ वर ठेवलं तरी जेमतेम मिलिमीटरभर जागा स्पष्ट येते. मग श्वास धरून आपणच केसभर पुढे-मागे व्हायचं. अंगाखाली सोलापुरी चादरीची चौपदरी घडी, कारण तिथं गोखरू फार.

एकदांडीचा पाला लहानपणी खरचटलं की चोळून लावायचो, पण तिचं वाळलेलं बोंड कधी निरखलं नव्हतं. सूर्य समोर घ्यायचा, बोंडामागे बाभळीची सावली येईल असं आडवं व्हायचं. प्रत्येक बीला पिसासारखे केस, आणि त्या प्रत्येक केसावर उजेडाची रेघ. फुलापेक्षा मला हेच देखणं वाटतं.

परवा शेळ्या घेऊन आलेल्या मावशी थांबल्या. "काय हुडकायलाव ओ ताई?"

"कुसळं बघायलीय मावशी."

"ती कशाला बघायची? पायाला लागली की कळत्यातच की!"

खरं आहे. पण कुसळाच्या शेपटीला पीळ असतो. ओल लागली की तो उलगडतो, वाळला की पुन्हा बसतो, आणि त्या फिरण्यानं बी स्वतःच मातीत घुसतं. मी बाटलीच्या झाकणातून एक थेंब सोडला. काही क्षण काहीच नाही, मग शेपटी सावकाश गोल फिरू लागली. सलग चाळीस फोटो घेतले, त्यातले तीन धड आले.

घरी चादर कुसळांनी भरलेली. अण्णांनी आयुष्यभर यंत्रमाग चालवला. ते चष्मा लावून एकेक कुसळ उपसत बसले. मी त्यांच्या तळहातावर एक ठेवून वर पाणी सोडलं. ते फिरलं. अण्णांनी हात उजेडाकडे नेला, बराच वेळ पाहिलं.

"सुताचा पीळ सुटतो तसंच आहे की गं हे," म्हणाले, आणि दुसऱ्या कुसळासाठी हात पुढे केला.